दुसऱ्याच्या वहीत लिहिताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही भाग आवरता घेतला आहे.)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे, म्हणजे वेळ बेताचाच. कार्यवाहांनी वीस मिनिटं दिली आहेत. विषय ऐकून काही जणांनी विचारलं की गणपतीत हे कोडिंगचं काय काढलंत? कारण सांगतो. आज या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या घरांतला एक तरी मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकते आहे. कुणी बीदरलाच, कुणी भालकीला, कुणी कलबुर्गी, पुणे, बंगळूरला. आई-वडिलांना त्या शिक्षणातलं फार कळत नाही, मुलांना ते समजावून सांगायचा कंटाळा येतो, आणि मधल्यामध्ये मला विचारणा होते. मी स्वतः सिव्हिलचा डिप्लोमावाला, राज्य सरकारचा नोकर. ऑफिसात तळ्यांचे आणि रस्त्यांचे नकाशे करायला क्यूजीआयएस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरू लागलो, तो आतून कसा चालतो ते बघायला गेलो आणि तिथेच गुंतलो.

आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. प्रोग्राम म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेला मजकूरच. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. ओपन सोर्समध्ये तो उघडा असतो. कुणीही वाचावा, आपल्यापुरता बदलावा, आणि बदल चांगला वाटला तर मूळ लोकांकडे पाठवावा. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं, ते याच पद्धतीने वाढलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. मी वापरतो तो क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शेरमन यांनी सुरू केला. आज त्यात कितीतरी देशांतल्या लोकांचे हात लागले आहेत. पाठवलेला बदल लगेच आत जात नाही. तिथले जुने जाणते तो तपासतात, शेरे मारतात, परत पाठवतात. आपल्या ऑफिसातल्या फाइलीसारखंच, फक्त टेबलाची जागा बदलते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याच मंडळातली एक मुलगी, नाव घेत नाही, ती इथेच असेल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने एका मोठ्या प्रकल्पातली चूक शोधली, दुरुस्त केली आणि पाठवली. चूक खरी होती, दुरुस्तीही बरोबर होती. ती परत आली, शेऱ्यांसकट. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिची आई मला म्हणाली, "भाऊजी, पोरीचं गणित बरोबर आहे असं तेच लिहितात, आणि तरी घेत नाहीत. आपण बीदरचे म्हणून असेल का हो?" मुलीचं म्हणणं त्याहून कडक होतं. ती म्हणाली, "काका, एक शेरा कामाबद्दल नाही. सगळे रिकाम्या जागांबद्दल आहेत. मी पुन्हा पाठवणार नाही."

मी ते शेरे वाचले. ते खरोखरच रिकाम्या जागांबद्दल होते. ओळ आत सरकवायला टॅब वापरायचा की स्पेस, कंस त्याच ओळीवर उघडायचा की खालच्या, नावाचं पहिलं अक्षर मोठं की लहान. पण पहिला शेरा त्यातला नव्हता, आणि तोच तिने नीट वाचला नव्हता. तिने बदललेल्या ओळी होत्या चार. पाठवलेल्या कागदात बदललेल्या दिसत होत्या सातशेच्या वर. कारण तिच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना आपल्या आवडीप्रमाणे सगळ्या ओळींची मांडणी परस्पर बदलली होती. तपासणाऱ्या माणसाने त्या सातशे ओळींत चार शोधायच्या कशा?

हे मला लगेच समजलं, कारण आमच्या खात्यात हेच शिकवतात. आमच्याकडे एम.बी. असते, मेजरमेंट बुक, मोजमापाची वही. कामावर जाऊन मोजायचं आणि तिथेच शाईने लिहायचं: नग, लांबी, रुंदी, खोली, मग घनफळ. रकान्यांचा हा क्रम मोडायचा नाही. पानांना आधीच नंबर घातलेले असतात, पान फाडायचं नाही. खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. नव्या पोरांना हा जाच वाटतो. पण दहा वर्षांनी ऑडिटर येतो तेव्हा मोजणारा बदलून गेलेला असतो, ठेकेदार सापडत नाही, त्या जागेवर दुसरा रस्ता झालेला असतो. बोलते ती फक्त वही. आणि ऑडिटरला एकाच दिवसात वीस जणांच्या वह्या वाचायच्या असतात. प्रत्येकाने आपल्या हौसेप्रमाणे रकाने मांडले असते तर त्याने वाचलं असतं काय, कपाळ?

कोडचंही हेच आहे. एक ओळ एकदा लिहिली जाते आणि वर्षानुवर्षं अनोळखी माणसं ती वाचत राहतात. शिवाय या प्रकल्पांमध्ये प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि कशासाठी बदलली याची नोंद राहते. हे काम करणारा गिट नावाचा प्रोग्रामही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिहिला. आता ती सातशे ओळींची दुरुस्ती तशीच आत गेली असती तर पुढे काय दिसलं असतं? सगळ्या फाइलवर आपल्या मुलीचं नाव आणि एकच तारीख. दहा-बारा वर्षांत कुणी कोणती ओळ का लिहिली, ते मागे ढकललं गेलं असतं. शेतकरी मंडळींना सांगायचं तर, सुंदर अक्षर आहे म्हणून एखाद्याने जुनं फेरफाराचं रजिस्टर नव्याने उतरवून काढावं आणि सगळ्या नोंदींवर आजची तारीख घालावी, तसं. अक्षर सुधारलं, पण जमीन कुणाची ते कळेना.

मी तिच्या आईला हे पहाणीचं उदाहरण दिलं, तेव्हा त्यांना पटलं. मुलीला दोन दिवस लागले. मग तिने एडिटरची ती आपोआप मांडणीची सोय बंद केली, मूळ फाइल पुन्हा घेतली, चार ओळी हाताने बदलल्या आणि पाठवल्या. त्या आत गेल्या. एवढीच गोष्ट.

काही जण म्हणतील, ठीक आहे, वाचायला सोपं जातं. पण रिकाम्या जागेने कधी कुणाचं नुकसान झालं आहे का? झालं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या फोनसाठी आणि कॉम्प्युटरसाठी घाईने दुरुस्ती काढावी लागली. आपण बँकेच्या साइटवर जातो तेव्हा समोरच्या सर्व्हरची सही खरी आहे का, हे फोन तपासतो. त्या तपासणीच्या कोडमध्ये एक ओळ, 'इथून थेट शेवटी उडी मार' अशी आज्ञा देणारी, चुकून दोनदा पडली होती. पहिली एका अटीखाली होती. दुसरीही तितकीच आत सरकवलेली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला तीही अटीखालचीच वाटायची. पण त्या भाषेत आत सरकवण्याला अर्थ नसतो, अर्थ कंसाला असतो, आणि कंस घातलेलाच नव्हता. म्हणून दुसरी ओळ प्रत्येक वेळी चालायची आणि सही तपासायच्या आधीच काम संपायचं. अट एका ओळीची असली तरी कंस घालायचाच, असा नियम अनेक प्रकल्प पाळतात. तो पाळला असता तर ती जादा ओळ कंसात पडून निरुपद्रवी ठरली असती, नाहीतर कंसाबाहेर लोंबकळताना डोळ्यात भरली असती. आता गंमत ऐका. लिनक्सचा लेखी नियम बरोबर उलटा आहे: एकाच ओळीसाठी उगाच कंस घालू नका.

म्हणजे अमुकच शैली खरी असं काही नाही. लिनक्समध्ये ओळ टॅबने आत सरकवतात आणि तो टॅब आठ अक्षरांएवढा मोठा. पायथन भाषेचे लोक २००१ पासून पेप-८ नावाची नियमावली वापरतात, त्यात चार स्पेस. आमच्या क्यूजीआयएसच्या नियमात टॅब चालतच नाही, दोन स्पेस. त्यांच्याकडे प्रत्येक क्लासच्या नावाची सुरुवात क्यू-जी-एस या तीन अक्षरांनी झाली पाहिजे. आपण नाही का गावाला 'कर' लावतो, भालकीकर, उदगीरकर, हुमनाबादकर? माणूस कुठेही भेटला तरी कुठला ते कळतं. तिथे ते पुढे लावतात, इतकंच.

काही नियम तर निव्वळ जुन्या सवयीने आलेले आहेत. ओळ ऐंशी अक्षरांच्या आत ठेवा, हा आकडा कुठून आला? आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये भोकं पाडायचं कार्ड काढलं, त्यात ऐंशी उभे रकाने होते. कार्ड गेलं, पडदे आले, पडदेही भिंतीएवढे झाले, पण ऐंशी राहिले. लिनक्सवाल्यांनी २०२० मध्ये आपल्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये ही मर्यादा शंभरावर नेली, तरी शक्य तिथे ऐंशीच बरे असं त्यांची नियमावली सांगते. गूगलच्या गो भाषेने वादच मिटवला: भाषेबरोबर एक हत्यार दिलं, ते सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवून देतं. तो साचा मनापासून आवडतो असं म्हणणारे थोडे सापडतील, पण भांडण संपलं म्हणून सगळे खूश आहेत. मला विचाराल तर मांडणीची कामं यंत्रावरच टाकावीत. नावं मात्र माणसानेच ठेवावीत.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. ज्यांच्या घरी अजून मोडीतले कागद आहेत त्यांनी ते एकदा उघडून बघावेत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायचा. मोठ्याला, बरोबरीच्याला, हाताखालच्याला पत्राचा मायना वेगवेगळा. तारीख कुठे, विनंती कुठे, हे ठरलेलं. आणि शेवटी लेखनसीमा. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी शब्द घुसडला तर तो आमचा नाही, यासाठी मोर्तब. आपल्या मुलांना कॉम्प्युटर एक इशारा देतो, की फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही. त्यांना वाटतं, ही काय कटकट. मी त्यांना सांगतो, अरे, तुझी लेखनसीमा राहिली. मायनाही तिथे आहे: प्रत्येक बदलाबरोबर वर एक थोडक्यातली ओळ लिहायची, काय केलं ते, आणि खाली कारण. लिनक्समध्ये २००४ पासून शेवटी नाव घालून सही करावी लागते, की हे मी लिहिलं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे. ज्याच्या ज्याच्या हातून तो बदल पुढे जातो तोही खाली सही करतो. सरकारी माणसाला यात परकं काय वाटावं?

वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी १९६२ च्या आधी लिहायला शिकलं, त्यांच्या पत्रांत अनुच्चारित अनुस्वार असतात. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि ते अनुस्वार गेले. पण म्हणून आपण आजोबांची पत्रं काढून त्यातले अनुस्वार खोडत बसलो नाही. कोडमध्येही हेच पाळतात. जुनी फाइल जुन्या वळणाची असेल तर तुमच्या दोन ओळीही त्याच वळणाने लिहा. वळण बदलायचंच असेल तर ते काम वेगळं काढून, विचारून करा. दुरुस्तीच्या आडून करू नका.

आता एक असा भाग, जो पुण्या-मुंबईइतकाच आपल्या मुलांनी हातात घ्यावा असं मला वाटतं. प्रोग्राममध्ये मराठी आणायचं काम. त्यातही शैलीचे नियम आहेत आणि तिथे परक्याचं बोट धरून चालत नाही, कारण भाषा आपली आहे.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र, ज्याला काही लोक पापणीचा र म्हणतात, तो कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. पण मशीनच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला साध्या शोधात सापडत नाही. 'ॲ'चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र जागा दिली, तरी आजही अनेक जण अ वर चंद्र ठेवून काम भागवतात. डोळ्याला न दिसणारा फरक आणि शोधताना पडणारा खड्डा, टॅब-स्पेसच्या भांडणाचं हे मराठी भावंडंच. एका प्रकल्पात दहा भाषांतरकार असतील तर आधी बसून ठरवावं लागतं की आपण कोणता र वापरणार.

दुसरं आणखी नाजूक आहे. इंग्रजी प्रोग्रामर वाक्यात रिकामी जागा सोडतो, तिथे गावाचं नाव आपोआप बसतं. भाषांतर करणारा त्यापुढे 'मध्ये' लावून मोकळा होतो. बीदर मध्ये पाऊस, ठीक. पण पुणे आलं की 'पुणे मध्ये'. कुठला मराठी माणूस असं बोलतो? आपण पुण्यात म्हणतो, सोलापुरात म्हणतो, भालकीत म्हणतो. शब्दाचं सामान्यरूप मशीनला येत नाही. यावर उपाय आपल्या सरकारी पत्रातच आहे: 'येथे'. पुणे येथे, भालकी येथे, सोलापूर येथे. थोडं कोरडं वाटतं, पण चुकत नाही. तसंच 'अमुक फाइल तमुक जागी नक्कल केली' अशा वाक्यात दोन रिकाम्या जागा असतात आणि मराठीत त्यांचा क्रम फिरू शकतो. म्हणून त्या जागांना क्रमांक घालून लिहावं लागतं, नाहीतर फाइलच्या जागी फोल्डरचं नाव येतं. आणि एका पडद्यावर 'फाइल निवड', दुसऱ्यावर 'फाइल निवडा', तिसऱ्यावर 'आपण फाइल निवडावी', असं झालं तर वाचणाऱ्याला कळतच नाही की आपल्याशी कोण बोलतंय, मित्र, कारकून की कीर्तनकार. ही नियमावली कुणी परदेशी माणूस आपल्यासाठी लिहिणार नाही. ती लिहायला मराठी व्याकरण आणि कोड दोन्ही थोडं थोडं येणारा माणूस लागतो, आणि तशी मुलं या हॉलमध्ये आहेत.

तक्रारीचीही बाजू सांगितली पाहिजे. सगळे तपासणारे साधुसंत नसतात. शैलीच्या नावाखाली नव्या माणसाला पळवून लावणारे आहेत. इंग्रज लेखक पार्किन्सन यांनी समित्यांची टिंगल केली आहे: अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर, आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास चर्चा, कारण शेड सगळ्यांना कळते. कोड तपासतानाही तेच होतं. गणित समजत नाही, मग स्वल्पविरामावर बोला. म्हणून मी मुलांना एक विचारायला सांगतो: हा नियम लिहिलेला कुठे आहे? लिहिलेला असेल तर मुकाट्याने पाळा, तुम्हाला आवडो न आवडो. लिहिलेला नसेल तर तो त्या माणसाचा खासगी चॉइस आहे, नम्रपणे तसं सांगा. त्यापुढेही तो अडवत असेल तर प्रकल्प खूप आहेत, दुसरा बघा. यात कमीपणा नाही.

आणि दुसऱ्याची रीत पाळली की आपली जाते, ही भीती बीदरच्या माणसाने तरी बाळगू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. माझ्या घरात पणजोबांचं खरेदीखत उर्दूत आहे, घरखर्चाच्या वह्या मोडीत, माझं ऑफिस कन्नडात. मी दिवसभर कन्नड टिप्पणी त्यांच्या पद्धतीने लिहितो, संध्याकाळी इथे येऊन मंडळाचं इतिवृत्त मराठी पद्धतीने लिहितो. आजवर एकानेही दुसऱ्याला ओरखडा काढलेला नाही. कन्नड टिप्पणी मराठी वळणाने लिहिली असती तर फाइल परत आली असती, आणि यायलाच हवी होती.

शेवटी कामाचं सांगतो, कारण प्रसादाचा वास यायला लागला आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल बघावेत. लिनक्स, पायथन वगैरेचे छोटे छोटे धडे आहेत, फुकट आहेत, आणि त्यातले बरेच मराठीत आणि कन्नडातही ऐकायला मिळतात. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांचे प्रोग्राम लिहून घेतात. पहिल्यांदाच नियमावली वाचून, तिच्याप्रमाणे लिहून, तपासून घ्यायचा सराव म्हणून ते उत्तम आहे.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा आपण मंडळाच्या वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. अध्यक्षांनी परवानगी दिली आहे. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तरी या, दोघांत एक चालेल. पहिल्या दिवशी कोड लिहायचा नाही. कुठल्याही एका प्रकल्पाची नियमावली छापून आणायची आणि मोठ्याने वाचायची. ज्या मुलीची गोष्ट सांगितली तीच पहिला तास घेणार आहे. ज्येष्ठांपैकी ज्यांचं शुद्धलेखन पक्कं आहे अशा दोन-तीन जणांनी आलं तर फार बरं होईल, कारण तो अर्धा र कसा लिहायचा यावर पहिल्याच दिवशी भांडण होणार आहे. चहा मंडळाकडून.